भिंतींनी बरे करण्याचा प्रयोग



गावात कुणी नवे घर बांधायला काढले की आपण काय काय पाहतो! दार कुठल्या अंगाला, वारा कुठून येतो, पाणी किती लांब, गोठा घरापासून किती हात. गवंडी यायच्या आधीच घरातली म्हातारी माणसे चार गोष्टी ऐकवतात. घर नीट बांधले तर माणूस सुखाने नांदतो, ही समजूत आपल्याकडे जुनीच आहे. पण घर नीट बांधले तर डोके फिरलेला माणूस ताळ्यावर येतो, असे कुणी सांगू लागला तर? आपण त्यालाच दोन वेळा निरखून पाहू. तरीपण १९ व्या शतकात शिकले-सवरलेले डॉक्टर, वास्तुकार आणि सरकारे हे खरोखर मानत होती, आणि त्या श्रद्धेपोटी त्यांनी राजवाड्यांना लाजवील अशी इस्पितळे उभी केली. त्यांतली काही आज पाडली गेली आहेत, काही पडली आहेत, काहींत हॉटेले निघाली आहेत. त्या इमारतींची हकिगत आज सांगायची आहे.

सुरुवात लंडनपासून करू. तिथे १२४७ साली बेथलेम नावाचा एक मठ निघाला. पुढे तो वेड्यांचे इस्पितळ झाला, आणि लोकांच्या तोंडी त्याचे 'बेडलम' झाले. इंग्रजीत आजही गोंधळ, आरडाओरडा याला हाच शब्द आहे. १६७६ साली या इस्पितळाला मूरफील्ड्स भागात नवी इमारत मिळाली. बांधणारा कोण, तर रॉबर्ट हुक. शिक्षक मित्रांना हे नाव ओळखीचे असेल. स्प्रिंगचा नियम सांगणारा आणि बुचाच्या कापात सूक्ष्मदर्शकाने कप्पे पाहून त्यांना 'सेल' हे नाव देणारा तोच हा हुक. गंमत पाहा, 'सेल' म्हणजे कोठडी. १६६५ मध्ये ज्याने कागदावर कोठड्या दाखवल्या, त्यानेच अकरा वर्षांनी विटा-चुन्यात त्या बांधल्या.

इमारत दिसायला देखणी होती. लांबी पाचशे फुटांहून अधिक, पुढे बाग, आणि वेशीवर दोन दगडी पुतळे: एक खिन्न वेडाचा, दुसरा साखळदंडातल्या पिसाट वेडाचा. लोक म्हणत, हा तर राजाचा महाल! मात्र महाल उभा होता तो शहराच्या तटाला लागून असलेल्या जुन्या खंदकाच्या भरावावर, आणि पाया पुरेसा खोल घेतलेला नव्हता. शंभर-सव्वाशे वर्षांत भिंती ओळंब्यात राहिल्या नाहीत, जमिनी कलल्या. आत काय चालले होते? १७७० पर्यंत शहरातले लोक पैसे टाकून वेड्यांची मौज पाहायला येत, जशी आपण जत्रेत पाळण्याला गर्दी करतो. १८१४ मध्ये तपासणीला गेलेल्यांना तिथे एक माणूस गळ्यात लोखंडी कडे घालून कित्येक वर्षे खांबाला जखडलेला आढळला. पार्लमेंटात चौकशी झाली. पुढच्याच वर्षी, १८१५ मध्ये, इस्पितळ थेम्सच्या दक्षिणेला नव्या जागी गेले आणि हुकची इमारत जमीनदोस्त झाली.

बाहेरून महाल आणि आत साखळदंड. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

याच काळात इंग्लंडच्या यॉर्क शहरात एक वेगळी गोष्ट घडत होती. तिथे क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक राहत. साधे कपडे, साधे बोलणे, युद्धाला विरोध, असा हा पंथ. १७९० साली त्यांच्यातली एक विधवा यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात वारली. तिच्या माणसांना तिला भेटूही दिले नव्हते. विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याला हे लागले. तो डॉक्टर नव्हता, वास्तुकार नव्हता. त्याने आपल्या पंथात वर्गणी गोळा केली आणि १७९६ मध्ये शहराबाहेर टेकडीवर एक घर उघडले. नाव दिले 'रिट्रीट', म्हणजे विसाव्याची जागा. रुग्ण किती, तर सुरुवातीला तीसच्या आसपास.

या घरात एक छोटी युक्ती होती, आणि मला विचाराल तर साऱ्या कथेत तीच मोलाची. खिडक्यांना गज नव्हते. खिडकीची चौकटच लोखंडाची केली होती, पण तिला रंग असा दिला होता की पाहणाऱ्याला ती साध्या लाकडी तावदानाची वाटावी. माणूस पळू शकत नव्हता, पण आपण तुरुंगात आहोत असे त्याला दिवसभर डोळ्यांसमोर दिसत नव्हते. अंगणांतून ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी सोडलेले असत. ज्याला माणसांची भीती वाटे, तो सशाला गवत घालता घालता निवळे. ट्यूकच्या नातवाने, सॅम्युअल ट्यूकने, १८१३ मध्ये या घराचे वर्णन छापले आणि ते पुस्तक समुद्रापार अमेरिकेत गेले.

आता अमेरिकेकडे वळू, कारण घर बांधून माणूस बरा करण्याचा खरा मोठा प्रयोग तिथेच झाला.

फिलाडेल्फिया शहरात टॉमस स्टोरी किर्कब्राइड नावाचा डॉक्टर होता. जन्म १८०९ चा, पंथाने तोही क्वेकर. १८४१ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलचा वेड्यांसाठीचा विभाग शहराबाहेर सुरू झाला, तेव्हा तो त्याचा प्रमुख झाला आणि १८८३ मध्ये मरेपर्यंत त्याच जागी राहिला. बेचाळीस वर्षे एकच काम! १८४९ मध्ये एका माजी रुग्णाने झाडावर दबा धरून त्याच्या डोक्यावर गोळी झाडली. गोळी कवटीत शिरली नाही, म्हणून तो वाचला. त्यानंतरही त्याने त्या माणसाची चौकशी सोडली नाही. असा हा माणूस. त्याने १८५४ मध्ये एक पुस्तक लिहिले, आणि ते औषधांवर नव्हते. वेड्यांचे इस्पितळ कसे बांधावे आणि कसे चालवावे, याचे ते पुस्तक. पाण्याचे नळ, जिने, कुलपे, धुण्याची खोली, सारे त्यात होते.

त्याच्याआधी, १८५१ मध्ये, अमेरिकेतल्या अशा इस्पितळांच्या प्रमुखांच्या मंडळाने काही नियम मान्य केले होते. त्यांत किर्कब्राइडचा हात मोठा होता. ते नियम ऐकण्यासारखे आहेत. इस्पितळ खेड्याच्या बाजूला असावे, मोठ्या शहरापासून निदान दोन मैल लांब, पण बारा महिने रस्ता चालू हवा. जमीन कमीत कमी पन्नास एकर, आणि सरकारी इस्पितळ असेल तर शंभर एकर. दररोज दहा हजार गॅलन पाणी वरच्या टाक्यांत चढवायची सोय हवी. अमेरिकन गॅलनच्या हिशेबाने हे झाले अडतीस हजार लिटर. एका इमारतीत जास्तीत जास्त अडीचशे रुग्ण, दोनशे असले तर बरे. म्हणजे माणशी दिवसाला दीडशे लिटर पाणी, आणि तेही १८५१ मध्ये! आपल्याकडे घागरी मोजून पाणी भरणाऱ्या बायाबापड्यांना हा आकडा सांगा, त्या काय म्हणतात पाहा.

आणखी एक नियम होता: जमिनीखालच्या कुठल्याही खोलीत रुग्णाला ठेवायचे नाही. आज हे लिहायची काय गरज होती, असे वाटेल. पण तळघरात, अंधारात, पेंढ्यावर माणसे ठेवायची रीत त्या काळी सर्रास होती, म्हणून ते लिहावे लागले. एका माणसाची खोली आठ फूट रुंद आणि दहा फूट लांब यापेक्षा लहान नसावी, आढ्याची उंची बारा फूट. गुरुजी, उद्या शाळेत खडूने जमिनीवर आठ बाय दहाचा चौकोन आखून बघा. मुलांना त्यात उभे करा. लहान वाटेल. पण ज्या माणसाला आधी माजघराच्या कोपऱ्यात दाव्याने बांधलेले असे, त्याला स्वतःची खिडकी असलेली ही खोली कशी वाटली असेल?

आता आराखडा. तो फळ्यावर काढता येईल इतका सोपा आहे. बगळ्यांचा थवा उडत जाताना पाहिला आहे ना? पुढे एक, आणि दोन्ही बाजूंना एकामागे एक, थोडे थोडे मागे सरकलेले. अगदी तसेच. मधोमध कचेरी, डॉक्टरांचे घर, प्रार्थनेची जागा. तिच्या एका बाजूला पुरुषांचे पंख, दुसऱ्या बाजूला बायकांचे. प्रत्येक पंख आधीच्यापेक्षा थोडा मागे. असे का? सरळ रेषेत बांधले असते तर लांबलचक बोळ झाला असता, आणि मधल्या भागात ना उजेड ना वारा. पंख मागे सरकवल्यामुळे प्रत्येक बोळाच्या टोकाला खिडकी मिळते. वारा एका टोकाने शिरतो, दुसऱ्याने निघतो. आपल्या वाड्यांतला चौक जे काम करतो, तेच इथे पंखांनी केले.

शांत रुग्ण मधल्या इमारतीजवळ, आरडाओरडा करणारे अगदी टोकाला. माणूस सुधारत गेला की त्याची खोली हळूहळू मध्याकडे सरकायची. म्हणजे बोळातून चालत चालत तो घराच्या दाराशी यायचा! हिवाळ्यात तळघरात वाफेच्या नळ्यांनी हवा तापवून पंख्याने भिंतींतल्या पोकळ्यांमधून वर खोल्यांत ढकलायची, हीही त्यात योजना होती. भोवती बाग, शेत, गोठा. जमेल त्याने काम करावे. डोळ्यांना झाडे दिसावीत, कानाला शहराचा गलका ऐकू येऊ नये. एवढे केले की मन आपोआप ठिकाणावर येते, अशी त्यांची खात्री होती.

या आराखड्यावरचे पहिले इस्पितळ न्यू जर्सीत ट्रेंटनला १८४८ मध्ये उघडले. त्यामागे डोरोथिया डिक्स या शिक्षिकेची खटपट होती. ही बाई गावोगावचे तुरुंग आणि निराधारगृहे पाहत हिंडली, तिथे जखडलेल्या वेड्यांच्या याद्या केल्या आणि त्या घेऊन एकेका राज्याच्या कायदेमंडळापुढे उभी राहिली. शिक्षकांनी तिची आठवण ठेवावी.

या सगळ्यांत देखणे इस्पितळ बांधले गेले न्यू यॉर्क राज्यात, बफेलो शहरात. वास्तुकार हेन्री हॉब्सन रिचर्डसन. काम १८७२ च्या सुमारास सुरू झाले, १८८० मध्ये पहिले रुग्ण आले, आणि शेवटचा पंख पुरा व्हायला १८९५ उजाडले. मधल्या इमारतीला तांबूस घडीव दगड, वर दोन उंच मनोरे; दोन्ही हातांना पाच पाच पंख. एका पंखातून दुसऱ्यात जायला वळणदार बोळ केले होते. ती वळणे नुसत्या शोभेसाठी नव्हती. एका पंखात आग लागली तर ती दुसऱ्यात जाऊ नये, म्हणून जोडणारा भाग अरुंद ठेवलेला. दोनशे एकरांच्या आसपासची जमीन, आणि तिची आखणी केली फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉ या जोडीने. न्यू यॉर्क शहरातले सेंट्रल पार्क यांचेच.

ऑल्मस्टेडची पुढची हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. म्हातारपणी त्याची स्मृती गेली. १८९८ मध्ये त्याला मॅसॅच्युसेट्समधल्या मॅक्लीन इस्पितळात ठेवावे लागले. त्या इस्पितळाची जागा निवडताना सल्ला त्यानेच दिला होता. त्याच आवारात १९०३ मध्ये तो वारला. दुसऱ्यांसाठी लावलेल्या सावलीत आपल्यालाच बसायची पाळी आली.

मग हा प्रयोग फसला का? फसला, आणि फसण्याची कारणे गवंड्याच्या हातात नव्हती.

पहिले कारण आकडे. किर्कब्राइडच्या पिढीतले प्रमुख म्हणत, नव्याने आजारी पडलेले बहुतेक रुग्ण आमच्याकडे बरे होतात. १८७० नंतर प्लिनी अर्ल नावाच्या त्यांच्यातल्याच एका डॉक्टरने वह्या तपासल्या. तेव्हा कळले, की तोच माणूस बरा होऊन गेला, पुन्हा आला, पुन्हा बरा होऊन गेला, आणि दर खेपेला 'बरा झाला' म्हणून वेगळा मोजला गेला. एकच मुलगा पाच वेळा पास झाला म्हणून शाळेत पाच मुले पास झाली, असे म्हणण्यासारखे हे! लबाडी होती असे मी म्हणणार नाही. आशा मोठी होती, आणि आशा माणसाला चुकीची बेरीज करायला लावते.

दुसरे कारण गर्दी. इमारत दिमाखदार दिसू लागताच आजूबाजूची सगळी अडचण तिच्यात येऊन पडू लागली: म्हातारे, फेफरेवाले, दारूने खंगलेले, ज्यांना कुणी नाही असे परदेशातून आलेले गरीब. राज्यांना खर्च वाढवायचा नव्हता, म्हणून १८६६ मध्ये मंडळाने अडीचशेची मर्यादा सहाशेवर नेली. किर्कब्राइडला ते रुचले नाही. पुढे सहाशेही कागदावर राहिले. वेस्ट व्हर्जिनियात वेस्टनचे इस्पितळ अडीचशे जणांसाठी बांधलेले. १९५० नंतरच्या दशकात तिथे चोवीसशेच्या वर माणसे होती. वारा वाहायला ठेवलेल्या बोळांतून खाटांच्या रांगा लागल्या. आठ बाय दहाच्या खोलीत एकाच्या जागी तिघे-चौघे झोपू लागले. जिथे साखळ्या नव्हत्या तिथे पुन्हा पट्टे आणि कुलपे आली. ध्यानात ठेवा म्हटले होते ना? बाहेरून महाल, आत बेडलम.

आग टाळायला दगड-विटांनीच बांधा, असा नियम होता. तोही गर्दीत वाहून गेला. अमेरिकेतच नव्हे; लंडनजवळच्या कॉल्नी हॅच या अवाढव्य इस्पितळात जागा पुरेना म्हणून तात्पुरत्या लाकडी खोल्या उभारल्या होत्या. १९०३ मध्ये त्यांना आग लागून पन्नासहून अधिक स्त्रिया जळून मेल्या. मुख्य इमारत वाचली.

तिसरे कारण चांगले होते. १९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध वेडावर वापरले आणि अनेक रुग्ण घरी राहू शकतील अशी स्थिती आली. अमेरिकेत १९६३ मध्ये कायदा झाला, की उपचार गावातल्या दवाखान्यात व्हावेत. मोठी इस्पितळे रिकामी होऊ लागली. मात्र गावातले दवाखाने हवे तेवढे उघडले नाहीत, आणि कितीतरी रुग्ण रस्त्यावर किंवा तुरुंगात गेले. ज्या तुरुंगांतून डोरोथिया डिक्सने त्यांना बाहेर काढले होते, तिथेच.

आपल्याकडचे काय, असे तुम्ही विचाराल. आपल्याकडे १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांविषयी कायदा झाला. नागपूर, रत्नागिरी, येरवडा इथली आणि १९०१ चे ठाण्याचे, ही आपली जुनी मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीतली आहेत. १९२० च्या सुमारास 'असायलम' हा शब्द जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' आला. असायलम म्हणजे मुळात आश्रय, जिथून कुणी ओढून नेऊ शकत नाही अशी जागा. इतका चांगला शब्द वापरून वापरून शिवीसारखा झाला. आणि २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण हा कायदा आहे हे खेड्यापाड्यांत अजून पुष्कळांच्या कानावर गेलेले नसते.

राहिल्या इमारती. बेथलेमची १८१५ ची इमारत १९३० मध्ये रिकामी झाली. तिचा घुमटाचा मधला भाग १९३६ पासून युद्धाचे संग्रहालय आहे. पुढे तोफा मांडल्या आहेत. मला ते पाहून नेहमी प्रश्न पडतो, की शहाण्यांनी तिथे काय ठेवले! कॉल्नी हॅच १९९३ मध्ये बंद पडले आणि तिथे श्रीमंतांची घरे झाली. न्यू जर्सीतले ग्रेस्टोन लोकांनी विरोध करूनही २०१५ मध्ये पाडले. वेस्टनचे १९९४ मध्ये बंद झाले, पुढे लिलावात विकले गेले. आता तिथे रात्री तिकीट लावून भुते दाखवतात. पैसे टाकून वेड्यांची मौज पाहण्याची मूरफील्ड्सची रीत अशी परत आली. मला हे पटत नाही. पण त्याच तिकिटाच्या पैशावर छपराची डागडुजी होते, हेही खरे आहे, आणि छप्पर गेले की दोन पावसाळ्यांत भिंत जाते हे तुम्हाला मी सांगायला नको.

बफेलोच्या जुन्या पंखांतून शेवटचे रुग्ण १९७४ मध्ये हलवले. त्याआधी, १९६९ मध्येच, एका बाजूचे तीन पंख पाडून झाले होते. उरलेली इमारत पडीक राहिली. तांब्याचे पत्रे हिरवे झाले, आत झाडे उगवली. १९८६ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, आणि २०१७ मध्ये मधल्या भागात हॉटेल उघडले. उंच आढी आणि रुंद बोळ पाहुण्यांना फार आवडले म्हणतात. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीच्या १८८५ च्या इस्पितळात घरे, दुकाने, खानावळी निघाल्या आहेत. तिथला जुना प्रमुख डॉक्टर म्हणे, सौंदर्य हेच औषध. झाडे त्याने लावलेली, आणि ती अजून उभी आहेत.

न्यू यॉर्क राज्यातच विलर्ड नावाचे इस्पितळ होते, १८६९ मध्ये उघडलेले. ते १९९५ मध्ये बंद करताना एका इमारतीच्या माळ्यावर सुमारे चारशे पेट्या, ट्रंका आणि पिशव्या सापडल्या. रुग्ण येताना ज्या सामानासह आले ते सामान दाराशीच काढून घेऊन, नाव लिहून, वर ठेवले होते. कुणाच्या पेटीत पत्रे, कुणाच्यात लष्करी पोशाख, शिवणकाम, फोटो, ठेवणीतले कपडे. घरी परत जायचे या हिशेबाने भरलेले सामान. पुष्कळजण परत गेलेच नाहीत. तिथल्या दफनभूमीत साडेपाच हजारांहून अधिक रुग्ण पुरलेले आहेत आणि त्यांच्या डोक्याशी नाव नाही, फक्त आकडा. पेट्यांवर मात्र नावे होती. त्या पेट्या आता राज्याच्या संग्रहालयात, एकेक उघडून, आतल्या वस्तूंची यादी करून, कोरड्या जागी ठेवल्या आहेत.